चाचणीबंदीचा नफा कुणाला?

15 मे 2013. फॉर्म्युला वनची स्पॅनिश ग्रांप्री रविवारी आटोपली होती. बार्सिलोनाजवळच्या सर्किटवरून प्रेक्षक, पत्रकार आणि बाकीचे संघ कधीच पांगले होते. मागे राहिला होता फक्त मर्सिडीज. त्याचे चालक लुईस हॅमिल्टन आणि निको रोसबर्ग यांनी पुढचे तीन दिवस त्याच मोसमातली गाडी त्याच सर्किटवर सुमारे हजार किलोमीटर पळवली. एरवी या दोघांची रंगीत हेल्मेटं लांबूनही ओळखू येतात. त्या तीन दिवसांत दोघांच्याही डोक्यावर कोरी काळी हेल्मेटं होती. चाहत्यांची गर्दी नको म्हणून, असं नंतर सांगण्यात आलं. ज्याला पटायचं त्याला पटलं.

टायर पुरवणाऱ्या पिरेलीला अशी हजार किलोमीटरची चाचणी घेण्याची मुभा होती. संघांना मात्र मोसम चालू असताना चालू वर्षाची गाडी चाचणीसाठी पळवण्याची बंदी होती. दहा दिवसांनी मोनॅकोत बातमी फुटली आणि नेमकी तीच शर्यत रोसबर्गनं जिंकली. रेड बुल आणि फेरारी तक्रार घेऊन धावले. जागतिक मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, पॅरिसमधल्या न्यायाधिकरणानं जूनमध्ये निकाल दिला: ताकीद, आणि सिल्व्हरस्टोनच्या तरुण चालकांच्या तीन दिवसांच्या चाचणीतून मर्सिडीजला वगळणं. शिक्षा द्यायचीच असेल तर ही द्या, असं मर्सिडीजच्याच वकिलांनी सुचवलं होतं. प्रतिस्पर्ध्यांच्या अंगाचा तिळपापड झाला तो यामुळे.

हजार किलोमीटर म्हणजे साधारण तीन शर्यतींचं अंतर. त्यासाठी एवढा गदारोळ का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फेरारीनं 1972 साली मारानेल्लोच्या कारखान्याशेजारी फियोरानो हे स्वतःचं सर्किट बांधलं, सुमारे तीन किलोमीटरचं. 1988 मध्ये मुजेल्लोही विकत घेतलं. सकाळी कारखान्यात नवा भाग तयार व्हावा आणि दुपारी तो गाडीवर बसून पळावा, अशी ही सोय. फेरारीच्या मायकेल शूमाकरनं 2000 ते 2004 अशी सलग पाच विजेतेपदं मिळवली, त्यामागे त्याच्या हातापायांइतकीच या दोन सर्किटांवरची रोजची घासाघीस होती. ब्रिजस्टोनचे टायर तर फेरारीच्या मापानं बेतलेले असावेत, इतकं त्यांचं एकत्र काम चाले. 2005 साली इतर नऊ संघांनी वर्षाला तीस दिवसांच्या चाचणीची मर्यादा आपसात ठरवली. फेरारीनं सही केली नाही. ज्याच्या अंगणातच सर्किट आहे, त्यानं अंगणाला कुलूप का घालावं?

चाचणीत नेमकं काय हाती लागतं, हे पाहायचं तर पुढच्या पंखावर फासलेला हिरवा चकचकीत रंग पाहावा. पॅराफिनसारख्या पातळ तेलात कालवलेली ती रंगीत भुकटी असते. गाडी पिटमधून निघताना रंग ओला असतो. एखाद-दुसरी फेरी मारून ती परतते तेव्हा हवेनं त्या रंगाच्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. रेघा सरळ मागे गेल्या तर हवा पृष्ठभागाला चिकटून वाहते आहे. कुठे गोळा झाल्या, उलट्या फिरल्या, की तिथे ती सुटली. तंत्रज्ञ भराभर फोटो काढतात आणि संगणकानं आधी वर्तवलेल्या चित्राशी ताडून पाहतात. मेळ बसला तर ठीक. नाही बसला तर कारखान्यातली कित्येक आठवड्यांची मेहनत पाण्यात.

काही कल्पना तर चाचणीच्या पलीकडे गेल्याच नाहीत. 1993 साली डेव्हिड कूल्टहार्डनं वेल्समधल्या पेम्ब्रे सर्किटवर विल्यम्सची एक विचित्र गाडी चालवली. तिच्यात ठरावीक गिअर नव्हते; पट्ट्याच्या आधारानं गिअरचं गुणोत्तर सलग बदलत राही आणि इंजिन सतत आपल्या सर्वोत्तम फेऱ्यांवर फिरे. त्यामुळे वळणाआधी गाडीचा वेग उतरला तरी इंजिनाचा सूर खाली येत नसे. ऐकणाऱ्याला गाडी बिघडली आहे असंच वाटावं. पुढच्या मोसमाच्या नियमांत ठरावीक गिअर सक्तीचे झाले आणि एकही शर्यत न पळता हा गिअरबॉक्स इतिहासजमा झाला.

मग 2008 ची मंदी आली. त्या डिसेंबरात होंडानं खेळातून अंग काढून घेतलं, इतर कारखानदारही चुळबुळू लागले. खर्च कापायचा तर पहिली कुऱ्हाड चाचण्यांवर, असं ठरलं. 2009 पासून प्रत्येक संघाला वर्षभरात 15,000 किलोमीटरच, आणि मोसम सुरू झाल्यावर शर्यतीच्या आठवड्याबाहेर चाचणी जवळपास बंद.

पहिला बळी लुका बडोएर. वर्षानुवर्षं फेरारीच्या चाचण्या करणारा हा माणूस. फियोरानोचा दगडन् दगड त्याला ठाऊक असणार. त्या वर्षी हंगेरीत फेरारीचा फेलिपे मासा जखमी झाला. शूमाकर परतणार अशी हवा झाली. पण नव्या गाडीवर त्याला सराव करू द्यायला काही संघांनी हरकत घेतली, त्याला मुजेल्लोत 2007 ची गाडी चालवावी लागली, आणि शेवटी मानेच्या जुन्या दुखापतीनं तोही बेत फसला. बडोएरला बोलावणं आलं. त्याची आधीची शर्यत 1999 सालची, आणि चाचणीबंदीमुळे त्या वर्षीच्या गाडीची त्याला पुरेशी सवय नव्हती. व्हॅलेन्सियात एकट्या शुक्रवारी पिटमधली वेगमर्यादा त्यानं चार वेळा मोडली. पात्रता फेरीत शेवटचा. पुढच्या स्पामध्येही शेवटचा. त्याच स्पामध्ये विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियासाठी अव्वल जागेवरून सुटून दुसरा आलेला जियानकार्लो फिसिकेला मग फेरारीनं उचलला. अनोळखी गाडीत पाच शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. बडोएरची टर उडवणाऱ्या किती जणांनी फिसिकेलाचा हा हिशेब मांडला असेल, देव जाणे.

आपल्या चेन्नईच्या करुण चांधोकचं 2010 मधलं पदार्पण तर याहून वरचं. त्याचा एचआरटी हा नवा संघ पैशाअभावी मोसमापूर्वीच्या एकाही चाचणीला गेला नव्हता. बहरीनमध्ये करुणची गाडी अजून जुळवलीच जात होती. ती पहिल्यांदा गॅरेजबाहेर पडली ती थेट पात्रता फेरीत. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांच्या शर्यतीत माणूस आपली गाडी पहिल्यांदा चालवतो तेव्हा घड्याळ चालू असतं! शर्यतीत सुरुवातीलाच तो घसरून बाहेर गेला, यात नवल नाही.

पण चालकांचे हाल ही या गोष्टीची एक बाजू झाली. बंदीचा खरा परिणाम मला दिसतो तो नक्कल करण्यावर. होंडाच्या राखेतून उभ्या राहिलेल्या ब्रॉन संघानं 2009 ची सुरुवात दुहेरी डिफ्यूझरनं केली. गाडीच्या तळाशी मागे हवा पसरवणारा जो उतार असतो, त्याच्या वर नियमातल्या फटीतून आणखी एक मजला काढलेला. टोयोटा आणि विल्यम्सकडेही तो होता. इतरांनी अपील केलं आणि एप्रिलमध्ये ते फेटाळलं गेलं. पूर्वीचा काळ असता तर फेरारीनं पंधरवड्यात नक्कल करून फियोरानोवर घासूनपुसून घेतली असती. आता ते शर्यतीच्या शुक्रवारीच करावं लागलं. रेड बुलच्या मागच्या सस्पेन्शनची मांडणी अशी होती की तो मजला बसायलाच मोठी अडचण. जेन्सन बटननं पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. उरलेल्या दहांत एकही नाही, तरी जगज्जेता तोच.

पुढच्या वर्षी मॅक्लारेननं नाकाडावरून हवेची एक नळी थेट मागच्या पंखापर्यंत नेली. चालकानं सरळ रस्त्यावर डाव्या गुडघ्यानं कॉकपिटमधलं भोक झाकलं की हवेची वाट बदलायची, पंखाची पकड सुटायची आणि वेग वाढायचा. हलणारा पंख निषिद्ध होता. गुडघा हलवायला बंदी नव्हती. गाडीचा मूळ सांगाडा त्या मोसमापुरता गोठवलेला असल्यानं इतरांना ही नळी बसवताना घाम फुटला. 2020 च्या फेब्रुवारीत हॅमिल्टन सरळ रस्त्यावर स्टिअरिंग स्वतःकडे ओढतो आहे, हे त्याच्याच गाडीवरच्या कॅमेऱ्यानं जगाला दाखवलं. त्या ओढण्यानं पुढच्या चाकांचा कोन बदलायचा. पुढच्या वर्षासाठी ही युक्ती आधीच बाद ठरली होती, पण त्या वर्षी ती फक्त मर्सिडीजची राहिली. नियम केला गरिबाच्या नावानं; फायदा झाला तो आधी सुचलेल्याला.

आणि पैसा? तो रस्त्यावरून उठून इमारतींत गेला. विंड टनेल, सिम्युलेटर, संगणक. शुक्रवारचा सराव संपला की कारखान्यात कुणीतरी रात्रभर सिम्युलेटरमध्ये बसून शनिवारची मांडणी शोधू लागलं. मर्सिडीजसाठी अँथनी डेव्हिडसननं हे काम वर्षानुवर्षं केलं. संगणकावरच सगळं भागेल, असंही एकानं मानून पाहिलं. 2010 चा व्हर्जिन संघ. त्यांचे अभियंते निक वर्थ यांनी विंड टनेल न वापरता अख्खी गाडी संगणकावर रेखली. मोसम सुरू झाल्यावर लक्षात आलं की इंधनाची टाकीच लहान झाली आहे. पूर्ण वेगानं शर्यत संपवायला इंधन पुरेना! एफआयएकडून सांगाडा बदलण्याची खास परवानगी घ्यावी लागली.

टनेलचीही मर्यादा 2022 मध्ये उघडी पडली. नव्या नियमांनी गाडीच्या तळाखालच्या हवेला पुन्हा महत्त्व आलं होतं. टनेलमध्ये गाडीची जास्तीत जास्त 60 टक्के मापाची प्रतिकृती ठेवता येते आणि वारा सेकंदाला 50 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटर. खरी गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते. फेब्रुवारीत बार्सिलोनाला पहिल्याच चाचणीत सरळ रस्त्यावर गाड्या वरखाली आपटू लागल्या. तळ जमिनीकडे ओढला जायचा, हवा कोंडायची, ओढ सुटायची, गाडी उसळायची, पुन्हा ओढली जायची. 1970-80 च्या दशकांत हे घडून गेलं होतं. तेव्हा असलेली माणसं आता थोडीच उरली होती. संघांचं सलग आठ वेळा विजेतेपद मिळवलेल्या मर्सिडीजला ते वर्ष एका विजयावर काढावं लागलं. बाकूला शर्यत संपल्यावर हॅमिल्टन पाठ धरून कसाबसा गाडीतून उतरला, ते दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. चाचणीचे दिवस जास्त असते तर हे आजारपण लवकर आटोक्यात आलं असतं, असं माझं मत आहे.

एक नियम मात्र मला मनापासून आवडतो. टनेलमधल्या फेऱ्यांचा कोटा आता क्रमवारीप्रमाणे उलटा मिळतो. साधारण दोन महिन्यांच्या एका कालखंडाला मूळ कोटा 320 फेऱ्यांचा. 2022 पासून विजेत्याला त्याच्या 70 टक्के, म्हणजे 224. दहाव्या संघाला 115 टक्के, म्हणजे 368. याला जोड खर्चमर्यादेची, जी 2021 साली साडेचौदा कोटी डॉलरपासून सुरू झाली. ही मर्यादा ओलांडल्याबद्दल रेड बुलला 2022 मध्ये 70 लाख डॉलर दंड झाला आणि टनेलचा कोटा आणखी दहा टक्क्यांनी कापला गेला. उरल्या 63 टक्क्यांत त्यांनी 2023 मध्ये 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या. नियम फसला, असं तेव्हा सगळे म्हणाले. पण 2023 च्या सुरुवातीला तळाशी चाचपडणारा मॅक्लारेन 2024 मध्ये 1998 नंतर पहिल्यांदा संघांचा विजेता ठरला. 2025 मध्ये विजेत्याचा सर्वांत तोकडा कोटा घेऊनही त्यांनी विजेतेपद राखलं. उलटा कोटा कुणाला आयतं काही देत नाही. मागच्याला फक्त चुका सुधारायला जास्त वाव देतो. एवढंच अपेक्षित होतं.

रस्त्यावरच्या चाचणीत मात्र असा न्याय नाही. चालू गाडी बंद, पण जुनी गाडी पळवता येते. मुंबईचा जेहान दारूवाला 2022 च्या जूनमध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनमध्ये बसला तो याच वाटेनं, आदल्या वर्षीच्या गाडीत. मर्सिडीजनं किमी अँटोनेल्लीला 2024 भर वेगवेगळ्या सर्किटांवर जुन्या गाड्यांत फिरवून तयार केलं आणि पुढच्या वर्षी थेट हॅमिल्टनच्या जागी बसवलं. मुलगा गुणी आहे, वाद नाही. पण जुनी गाडी, जुनं इंजिन आणि त्यांच्यामागे फिरणारी माणसं बाळगायला खजिना लागतो. 2025 पासून अशा चाचण्यांना वर्षाला वीस दिवसांची मर्यादा आली. ती श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच. 2026 मध्ये गाडी आणि इंजिन दोन्ही नवी झाली तेव्हा मोसमापूर्वीची चाचणी तीन दिवसांवरून तीन सत्रांवर नेली, म्हणजे रस्त्याला पर्याय नाही हे एफआयएनंही मान्य केलं. मग टनेलचा उलटा कोटा रस्त्यालाही लावावा: विजेत्याला सर्वांत कमी दिवस, शेवटच्या संघाला सर्वांत जास्त, आणि तेही चालू वर्षाच्या गाडीवर.