ब्रशच्या रेघा कुठे पळाल्या?

दोस्तांनो, चाकांवर धावणारं अंडं पाहिलंय का कधी?

थट्टा नाही हं! कॅनडात अशी हजारो अंडी रस्त्यावरून धावली आहेत. गुळगुळीत, गोल कोपऱ्यांची, मोटारीच्या मागे जोडलेली. त्यांना खिडक्या असतात, दार असतं. आत छोटासा ओटा असतो. दिवसा बसायचं बाक रात्री पलंग होतं. सुट्टी लागली की सगळे मोटारीत बसतात आणि घर मागून येतं! अशा घराला म्हणतात कॅम्पर ट्रेलर.

यातल्या एका प्रसिद्ध ट्रेलरचं नाव आहे बोलर. १९६८ साली कॅनडातल्या विनिपेग शहरात रे ओलेको यांनी तो बनवला. आणि ओळखा पाहू, त्यांना ही कल्पना कशावरून सुचली? मोटारीवरून? बोटीवरून? छे! सेप्टिक टाकीवरून! हो, हो, संडासाची टाकी असते ना, तीच! ओलेको यांनी आधी फायबरग्लासची सेप्टिक टाकी तयार केली होती. हलकी, मजबूत, न गंजणारी. मग त्यांच्या मनात आलं, याच फायबरग्लासचं घर का करू नये? आणि झालं की हो! छोट्याशा मोटारीलाही ओढता येईल असं हलकं घर.

यातले कितीतरी ट्रेलर आता पन्नाशीचे झालेत. त्यांचा रंग उडालाय. मग घरची मंडळी काय करतात? अंगणात ट्रेलर उभा करतात आणि स्वतःच्या हाताने रंगवतात. यंत्र नाही, फवारा नाही. एक रोलर, एक ब्रश, बस्स!

आता खरी गंमत. नीट रंगवलेल्या ट्रेलरजवळ जाऊन बघितलं, तर ब्रशची एकसुद्धा रेघ दिसत नाही! आरशासारखी चकाकी. दात काढून हसलात, तर तुमचेच दात दिसतील! मग ब्रशच्या त्या शेकडो रेघा गेल्या कुठे? कुणी पुसल्या?

चला, शोध लावू या!

आधी मला सांगा, उकडीचे मोदक साच्यात करताना पाहिलेत ना? साच्याला आधी तुपाचं बोट लावतात. मग आतून पारी दाबतात. मग सारण. साचा उघडला की मोदक सुटून येतो, आणि बाहेरून कसा छान गुळगुळीत!

फायबरग्लासचा ट्रेलर अगदी तसाच बनतो. एक मोठ्ठा साचा असतो. तुपाऐवजी त्याला मेण लावतात, म्हणजे ट्रेलर चिकटून बसत नाही. मग साच्यात पहिल्यांदा काय फवारतात? रंग! रंग मिसळलेल्या घट्ट राळेचा, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा, जेमतेम अर्धा मिलिमीटरचा थर. त्याला जेलकोट म्हणतात. त्याच्या मागून येतात काचेचे तंतू आणि आणखी राळ. म्हणजे आधी रंग, मग भिंत! आपल्या घराच्या अगदी उलट! बोलरचे असे दोन भाग बनत, एक वरचा, एक खालचा. मग दोन्ही एकमेकांना जोडत.

काचेचे तंतू? काच तर फुटते! पण काचेचा धागा खूप बारीक काढला तर तो वाकतो. तुमच्या एका केसाच्या जाडीत असे चार-पाच तंतू शेजारीशेजारी मावतील! १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर हवेचा जोरदार झोत बसला आणि काय झालं? काचेचे बारीक बारीक तंतूच उडाले! करायचं होतं एक, झालं भलतंच, आणि तेच कामाला आलं.

बरं, मग ट्रेलरचा रंग का उडतो? चोर कोण? ऊन!

शाळेच्या मैदानावर साखळीचा खेळ खेळता ना? राज्य असलेला एकाला पकडतो, दोघं हात धरून तिसऱ्याला पकडतात, आणि साखळी लांबत जाते. राळेतले रेणूही असेच हात धरून उभे असतात. उन्हातले अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत, पण ते हे हात सोडवतात. एक सुटला, दुसरा सुटला, वर्षानुवर्षं सुटतच राहिले. मग वरचा थर भुसभुशीत होतो. त्यावर बोट फिरवा, बोटाला खडूसारखी पांढरी पूड लागते!

तुमच्या बागेतली घसरगुंडी फायबरची आहे का? जुनी असेल तर नक्की बघा. चड्डीच्या मागे पांढरं लागतं ना? तीच ही पूड! आई उगाच आपल्याला रागावते, खरा गुन्हेगार वर आकाशात!

अशा पुडीवर नवा रंग लावला तर? तो पुडीला चिकटेल, आणि पूड निघाली की रंगही निघेल. म्हणून आधी आंघोळ! ट्रेलर साबणाने खसखसून धुवायचा. वर्षानुवर्षं लावलेलं पॉलिशचं मेण काढायचं. साच्यातून सोडवणारं मेण चांगलं होतं, पण रंगाच्या वेळी मेण म्हणजे शत्रू. मेणावर रंग टिकत नाही.

पण मेण तर दिसत नाही. ते गेलं की नाही, कसं कळणार? पाण्याला विचारायचं!

हा प्रयोग घरीही करा. स्टीलची दोन ताटं घ्या. एकाला तेलाचं बोट फिरवा. दुसरं साबणाने लख्ख घासा. दोन्हींवर पाणी ओता आणि उभी धरा. तेलकट ताटावर पाण्याचे थेंब थेंब होतील. स्वच्छ ताटावर पाण्याचा सलग पडदा पसरेल! ट्रेलरचंही तसंच. पाणी सलग पसरलं, तर पास. थेंब झाले, तर परत घासा!

आता पुढची पायरी ऐकून तुम्ही चकित व्हाल. गुळगुळीत रंग हवा, म्हणून ट्रेलर खरखरीत करायचा!

काय? उलटंच की! पण विचार करा. वर्गातल्या फळ्यावर खडू छान उमटतो. मग खिडकीच्या काचेवर का नाही? फळा किंचित खरखरीत असतो, त्याला खडू धरायला जागा मिळते. काच गुळगुळीत, तिथे खडू नुसता घसरतो. रंगालाही असंच धरायला काहीतरी लागतं. म्हणून ट्रेलरला पॉलिश पेपरने घासतात. डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक ओरखडे उठतात. रंग त्यात शिरतो आणि घट्ट धरून बसतो.

पॉलिश पेपरच्या मागे आकडा असतो. ८०, २२०, ३२०. यातला सगळ्यात खरखरीत कोणता? ३२०? चूक! ८०! आकडा मोठा, तर कण बारीक. कारण हा आकडा आला चाळणीवरून. एका इंचात जितकी जास्त भोकं, तितकं एकेक भोक लहान, आणि त्यातून पडणारा कणही लहान. ट्रेलरला शेवटचा हात २२० किंवा ३२०चा. आणि घासताना पाणी लावतात, म्हणजे धूळ उडत नाही. ती धूळ नाकात जाता कामा नये, आणि काचेचे तंतू अंगाला लागले तर अशी खाज सुटते म्हणता! म्हणून हे काम मोठ्यांचं, तेही तोंडावर मास्क आणि हातात मोजे घालून. काही रंगांत दोन डब्यांतली रसायनं मिसळावी लागतात. त्यांची वाफ फुप्फुसांना फार वाईट. तिथे मुलांनी लांबच राहायचं.

चला, आता रंग! इथे जोडी लागते. पहिला गडी रोलर फिरवतो. रंगाचा पातळ थर बसतो, पण त्यात बारीक बुडबुडे राहतात. लगेच मागून दुसरा गडी येतो. त्याच्या हातात मऊ, बारीक केसांचा ब्रश. ब्रश रंगात बुडवायचाच नाही! नुसतं टोक, अगदी अलगद, ओल्या रंगावरून ओढायचं. मोरपीस फिरवावं तसं. टप टप टप, बुडबुडे फुटले! पण आता बारीक बारीक रेघा राहिल्या.

आणि मग दोघं काय करतात? काहीच नाही! पुढच्या भागाकडे वळतात. मागे राहिलेल्या रेघा आपोआप मिटू लागतात!

कसं? बशीत थोडा मध ओता आणि काट्याच्या चमच्याने रेघा ओढा. बघा, बघा, मिटल्या! आता श्रीखंडावर ओढा. तशाच राहिल्या! मध स्वतःहून वाहतो, श्रीखंड वाहत नाही. ब्रशवरून उतरलेला रंग मधासारखा वाहणारा हवा.

पण थांबा. बशी आडवी होती. तिथे गुरुत्वाकर्षणाने मध खाली बसवला. ट्रेलरची भिंत तर उभी! तिथे उंचवटे कोण बसवणार?

इथे येतो आपला नायक, पृष्ठताण! द्रवाचा वरचा पापुद्रा ताणलेल्या रबरासारखा वागतो. त्याला सतत आक्रसायचं असतं. पावसाचा थेंब गोल होतो तो यामुळेच. आता ब्रशच्या रेघा म्हणजे काय? इवल्या टेकड्या आणि इवल्या दऱ्या. टेकड्या-दऱ्यांचा पृष्ठभाग सपाट मैदानापेक्षा जास्त भरतो. पापुद्रा आक्रसू लागतो, टेकड्यांवरचा रंग ढकलून दऱ्यांत भरतो. आणि मैदान तयार!

आता सगळ्यात भारी गोष्ट ऐका. शास्त्रज्ञांनी याचं गणित मांडलंय. समजा, दोन रेघांमधलं अंतर दुप्पट केलं. मग मिटायला वेळ किती लागेल? दुप्पट? चौपट? नाही! १६ पट! बारीक रेघा एका मिनिटात मिटत असतील, तर दुप्पट अंतराच्या रेघांना लागतील १६ मिनिटं. तोवर रंग घट्ट होऊन जातो आणि रेघा कायमच्या अडकतात! म्हणून ब्रश बारीक केसांचा हवा. ब्रश रेघा काढतोच. चांगला ब्रश लवकर मिटतील अशा रेघा काढतो!

आता तुम्हीच सांगा, रंग भर उन्हात लावावा का? नाहीच! उन्हात रंगातलं पातळ करणारं द्रव भराभर उडून जातं. मधाचं श्रीखंड होतं! पृष्ठताण बिचारा काम अर्धं टाकून थांबतो. म्हणून सावली बघायची, वारा पडलेला बघायचा.

मग एकदाच जाड थर फासला तर? तिथे गुरुत्वाकर्षण जिंकतं. उभ्या भिंतीवरून ओघळ सुटतात! म्हणून दोन-तीन पातळ थर. पातळ म्हणजे किती? सुकलेला एक थर तुमच्या केसाहूनही पातळ असतो! एवढासा पापुद्रा विनिपेगची कडक थंडी झेलतो. तिथे हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांखालीही जातो!

आणि सुकणं म्हणजे नुसतं वाळणं नाही बरं का! एका डब्यात मिळणारे बरेचसे ऑइल पेंट आधी थोडे वाळतात आणि मग चक्क हवा खातात! हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यांचे रेणू एकमेकांचे हात धरतात. पुन्हा साखळी! उन्हाने जुन्या थरातले हात सोडवले, इथे नव्या रंगातले हात जोडले गेले. म्हणून तर अर्धवट भरलेल्या डब्यात रंगावर साय धरते. डब्यातल्या हवेनेच ती धरलेली असते!

असाच ऑइल पेंट तुमच्या घराच्या दाराला असतो. दिवाळीआधी रंगारीकाका आले की त्यांच्या पॉलिश पेपरचा आकडा वाचा. ते दार आधी का घासतात, हे त्यांच्याआधी तुम्हीच सांगा! मग त्यांनी ब्रश उचलला की दाराकडे टक लावून बघा. हात मागे! घड्याळ लावा! पहिली रेघ मिटायला किती सेकंद लागले, मोजा पाहू!