एक आडनाव, अनेक खाती

आमच्या वर्गात दोन आर. व्ही. कुलकर्णी आहेत. एक प्रस्तुत लेखक आणि दुसरा याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र. माझे वडील विठ्ठल, त्याचे व्यंकटेश. देव दोन, पण इंग्रजी आद्याक्षर एकच! मी भालकी तालुक्यातला, मराठी शाळेत शिकलेला. तो धारवाडकडचा, कन्नड शाळेतला. आमचे गोत्र वेगळे, कुलदैवत वेगळे, दूरचेही नाते नाही. पण हजेरीपटावर आम्ही जुळे भाऊ आहोत.

गेल्या सहामाहीत परिव्यय लेखांकनाच्या चाचणीचे गुण फलकावर लागले. मला वीसपैकी अठरा! पेपर कसा गेला होता ते मला ठाऊक होते, तरीही दोन दिवस मी गप्प बसलो. आईला फोनवर सांगूनही टाकले. तिसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, "अरे, मला अकराच कसे पडले?" त्याचा उतरलेला चेहरा पाहून राहवले नाही. मी सरांकडे जाऊन खरे ते सांगितले. उत्तरपत्रिका काढल्या गेल्या. अठरा त्याचे होते, अकरा माझे. सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "कुलकर्णी, दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम आपल्या नावावर ठेवणे तुझ्या आडनावाला शोभत नाही. कुलकर्णी म्हणजे काय, हे कधी वाचले आहेस का?"

वाचले नव्हते. म्हणून पुढच्या रविवारी आबिड्स गाठले. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांना आबिड्सचा रविवार माहीत नाही त्यांनी हैदराबाद अर्धेच पाहिले. दुकाने बंद असतात आणि त्यांच्यापुढच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेलुगू, उर्दू, इंग्रजी यांच्या ढिगात एखादे मराठी पुस्तकही हाती लागते. मी एका चाचांना विचारले, "कुलकर्णींचे 'शिवकालीन महाराष्ट्र' आहे का?" त्यांनी तीन पुस्तके पुढे ठेवली. "कुलकर्णी होना ना? ये भी कुलकर्णीच है, वो भी कुलकर्णीच है. कौनसा होना बोलो!"

हसू आले, पण प्रश्न मोलाचा होता. कोणते कुलकर्णी?

मला हवे होते ते अ. रा. कुलकर्णी, पुणे विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. 1969 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा शिवकालीन महाराष्ट्रावरील इंग्रजी ग्रंथ लढायांचा नाही, आर्थिक इतिहासाचा आहे. गाव, वतन, शेतसारा, नाणी, व्यापार हे त्याचे विषय. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अगत्याने वाचावा असा हा इतिहास. त्या गावगाड्यात पाटील गावाचा प्रमुख आणि कुलकर्णी त्याचा लेखनिक. कोणाची जमीन किती, पीक काय, सारा किती ठरला, किती आला आणि किती थकला, हे सारे कुलकर्ण्याच्या दप्तरात. मोबदल्यात त्याला वतन मिळे आणि ते बापाकडून मुलाकडे जाई. म्हणजे आज आपण ज्याला खतावणी म्हणतो ती गावाची खतावणी त्याच्या बस्त्यात बांधलेली असे. एक कुलकर्णी अभ्यासक गावोगावच्या कुलकर्ण्यांचे दप्तर तपासतो आहे, हे मला मोठे गमतीचे वाटले.

चाचांकडचे दुसरे पुस्तक जी. ए. कुलकर्णी यांचा कथासंग्रह होता. 'जी. ए.' म्हणजे संशोधक नव्हेत, पण त्यांना वगळून पुढे जाववत नाही. जन्म बेळगाव जिल्ह्यातला, नोकरी धारवाडला इंग्रजीच्या प्राध्यापकाची आणि कथा मराठीत. कानडी मुलखात राहून मराठी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा केवढा आधार!

तिसरे पुस्तक कृ. पां. कुलकर्णी यांचे, मराठी भाषेच्या उगमाविषयीचे. हे भाषाशास्त्रज्ञ. 1946 सालचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' यांचाच. त्यांच्या वाटेने जाऊन मी आपल्या आडनावाची फोड करून पाहिली. महसुलाच्या भाषेत 'कूळ' म्हणजे जमीन कसणारे खातेदार घर आणि 'करणी'चा संबंध करण, करणिक या लेखनिकवाचक शब्दांशी. कन्नडमध्ये 'करणिक' म्हणजे हिशेबनीस. तेलुगू मुलखात गावच्या हिशेबनिसाला 'करणम' म्हणत. तीन भाषांत एकाच कुळातले शब्द आणि एकच काम! कुलकर्णी हे मुळी घराण्याचे नाव नव्हेच, तो हुद्दा. गावोगाव वेगवेगळ्या घरांकडे तो होता, म्हणून माझा मित्र आणि मी नात्याशिवाय एका आडनावाचे झालो.

पुढचे शोध ग्रंथालयातील संगणकावर लागले. श्रीनिवास कुलकर्णी हे खगोलशास्त्रज्ञ. जन्म 1956 साली कुरुंदवाडला, बालपण हुबळीत, संशोधन अमेरिकेत. 1982 साली ज्या संशोधकांनी सेकंदाला सुमारे 642 फेऱ्या घेणारा स्पंदक तारा शोधला त्यांत ते विद्यार्थीदशेत होते. पुढे 1995 साली तारा आणि ग्रह यांच्या मधल्या जातीचा 'तपकिरी बटू' निश्चितपणे सापडल्याचे जाहीर झाले, त्या गटातही ते होते. 2024 साली त्यांना खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार मिळाला. रवींद्र कुलकर्णी हे गणिती. भूमितीत 'कुलकर्णी-नोमिझु गुणाकार' नावाची क्रिया आहे. दोन विशिष्ट राशींपासून अवकाशाच्या वक्रतेचे नियम पाळणारी तिसरी राशी ती बनवते. मला त्यातले एवढेच कळले, पण सूत्राच्या माथ्यावर आपले आडनाव पाहून छाती फुगली.

आणि येथेच मी थबकलो. छाती का फुगावी? त्या सूत्रात माझे काय? फलकावरचे अठरा गुण जसे माझे नव्हते, तसाच हा मानही माझा नव्हे. शिवाय आडनावाची जमा आपल्याकडे घ्यायची तर त्याच्या नावेही पाहावे लागेल. अक्षर कुलकर्ण्याकडे आणि अंगठा रयतेकडे, अशी ती व्यवस्था. लेखणीच्या जोरावर अडाणी शेतकऱ्याला कसे नाडले जाई, हे महात्मा फुले यांनी 1883 साली लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये परखडपणे मांडले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली कोल्हापूर संस्थानातली कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात 1950 साली आणि म्हैसूर राज्यात 1961 साली कायदे झाले. आंध्र प्रदेशातली पटेल-पटवारी पद्धत 1984 साली गेली. काम गेले, वतन गेले, आडनाव तेवढे राहिले. आबिड्सचेही असेच आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सेवेतील आल्बर्ट आबिड या आर्मेनियन गृहस्थाचे तेथे दुकान होते. दुकान गेले, पण नाव चौकाला चिकटले.

हा घोटाळा आपल्याकडचाच आहे असे मात्र नाही. चीनमध्ये 'वांग' आडनावाची माणसे दहा कोटींच्या घरात आहेत. त्यांतून रोमन लिपीत चिनी लिपीतली दोन वेगळी आडनावेही एकच 'वांग' होऊन बसतात. नुसत्या 'वाय. वांग' या नावाने शोध घेतला तर वैद्यकापासून पोलादापर्यंतचे लेख एका ओळीत उभे राहतात. कोणाचे श्रम कोणाच्या नावे पडतील याचा नेम नाही, आणि संशोधकाची नोकरी व बढती तर त्या श्रमांच्या मोजणीवरच अवलंबून! यावर 2012 साली 'ऑर्किड' नावाची योजना सुरू झाली. तीत प्रत्येक संशोधकाला सोळा स्थानांचा क्रमांक मिळतो. नाव सारखे असो, बदलो वा दुसऱ्या लिपीत जावो, क्रमांक तोच राहतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला यात नवे काय? बँक नावावर विसंबत नाही, खाते क्रमांक पाहते. विद्वानांना हे तत्त्व उमगायला जरा उशीर लागला इतकेच.

म्हणून या शोधातून मी एक साधी नोंद केली. आडनाव म्हणजे खतावणीचा पुठ्ठा, आतले पान ज्याचे त्याचे. इतिहासाचे, व्युत्पत्तीचे, ताऱ्यांचे, भूमितीचे पान त्या त्या कुलकर्ण्यांनी आपल्या श्रमाने भरले. पुठ्ठा एक असला म्हणून शिल्लक एका पानावरून दुसऱ्यावर ओढता येत नाही. माझ्या पानावर सध्या अकरा गुण जमा आहेत. थोडे आहेत, पण माझे आहेत. आईलाही ते सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. पुढच्या वेळी अठरा आण, पण तुझे आण."

आता मी उत्तरपत्रिकेवर पूर्ण नाव लिहितो. मित्रही लिहितो. त्याने याच विषयावर कन्नडमध्ये लिहिले आहे असे ऐकतो. संपादकांना विनंती एवढीच, की दोघांचेही नाव पूर्ण छापावे. अर्थात येथे अदलाबदलीची भीती नाही, लिपीच आमची साक्षीदार आहे!