झोपेची डबी घेण्याआधी वाचा

भिंगारच्या बाजारात परवा शेजारचे तात्या भेटले. वय सत्तरीचे. हातात एक डबी.

म्हणाले, "गुरुजी, दोन महिने झाले, डोळ्याला डोळा लागत नाही. ही झाडपाल्याची गोळी आहे. दुकानदार म्हणतो, नैसर्गिक आहे, अपाय नाही. साडेचारशे सांगतो. घेऊ का?"

मी म्हणालो, "तात्या, आता तुम्हाला वाचता येतं. आधी डबी वाचा."

मंडळी, डबीवर काय पाहावे ते ऐका.

आयुर्वेदिक औषध असेल, तर त्यावर करणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घाणा क्रमांक म्हणजे बॅच नंबर, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख आणि आतील वनस्पतींची नावे हवीत. काही डब्या औषध नसतात. त्या पूरक आहार म्हणून विकतात. त्यांवर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक असतो आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापलेले असते. जी वस्तू स्वतःच औषध नाही म्हणते, ती रोग कसा बरा करील? आणि ज्या पुडीवर काहीच छापलेले नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आता आत काय असते? बहुधा अश्वगंधा, जटामांसी, तगर, ब्राह्मी. ही नावे आपल्या जुन्या वैद्यकात आहेत. आपल्या नगरला गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेदाचे विद्यालय काढले. तेथे ही विद्या वर्षानुवर्षे शिकवतात. वैद्य आधी नाडी पाहतो, चार गोष्टी विचारतो, मग औषध देतो. दुकानदार काही न विचारता सर्वांना एकच डबी देतो. फरक येथे आहे.

अश्वगंधेवर अलीकडे चाचण्या झाल्या. काहींना झोपेचा थोडा फायदा दिसला. फार मोठा नव्हे. तगर आणि जटामांसी यांचा पुरावा त्याहून कमी आहे.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे तर मुळीच खरे नाही. धोतरा नैसर्गिकच आहे ना? दुधात चिमूटभर जायफळ आपण घालतो. पण तेच जास्त खाल्ले तर ओकारी होते, छाती धडधडते, माणूस बरळतो. अश्वगंधेने काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. गरोदर बाईने ती घेऊ नये. थायरॉइड, साखर, रक्तदाब यांच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक. पुडीने पहिल्याच रात्री गाढ झोप लागली, तर खूश होऊ नका. सावध व्हा. झाडपाल्याच्या नावाखाली गुंगीची इंग्रजी गोळी कुटून मिसळल्याचे प्रकार झालेले आहेत. औषधाची फसवी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा 'शंभर टक्के गुण' असे कोणी म्हटले, की तेथूनच परत फिरावे.

मग हिशेब केला. डबीत ६० गोळ्या. रोज २. म्हणजे डबी ३० दिवसांची. रोजचे १५ रुपये. वर्षाचे जवळजवळ साडेपाच हजार!

तात्या म्हणाले, "मग झोपेचं काय करू?"

मी विचारले, "झोप लागत नाही, का लागून मोडते?"

"मोडते. लघवीला चार-पाचदा उठावं लागतं. घसा कोरडा पडतो."

मी डबी परत ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी तात्या डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासले. साखर वाढलेली निघाली. झोपेच्या गोळीने तात्या कदाचित झोपलेही असते. पण आत रोग वाढत राहिला असता.

म्हणून आधी कारण शोधा. रात्री लघवी, दुखणे, खोकला, मोठे घोरणे व मध्येच श्वास अडकणे, मनाला खाणारी काळजी, यांनी झोप जाते. असे काही असेल, तर दवाखाना गाठा. तसे काही नसेल, तर दोन आठवडे बिनपैशाचे उपाय करा. चार वाजल्यानंतर चहा नको. तंबाखू नको. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको. अंथरुणात मोबाइल नको. रोज एकाच वेळी उठा. आणि वहीत लिहा: केव्हा निजलो, केव्हा उठलो. दोन आठवड्यांनी वही पाहा. गुण नसेल, तर तीच वही डॉक्टरांना किंवा वैद्यांना दाखवा.

तात्या आता ती वही लिहितात. अक्षर वाकडे आहे. पण परवा त्यांनी लिहिले होते, "काल एकदाच उठलो." ते वाचून मलाही बरे वाटले.