तुतीच्या पानांचा चहा आणि साखरपाणी

मागच्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत आली. तिला मधुमेह; ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज या गोळ्या तिने तिकडूनच आणल्या होत्या. माझ्या चिनी सहकाऱ्याने तिच्यासाठी तुतीच्या वाळलेल्या पानांचा चहा दिला. पालाच तर आहे, असे म्हणून आम्ही तो जेवणाबरोबर सुरू केला.

एका दुपारी तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. मीटरवर साखर ५४. पत्नीने लगेच साखरपाणी दिले. पंधरा मिनिटांनी आकडा ५६! शेवटी आईच्याच बॅगेतली ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून दिली, तेव्हा ती सावरली.

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे. पण कारण कळल्याशिवाय चैन पडेना. फार्मासिस्टला विचारले, थोडे वाचले.

भात-पोळीतील पिष्टाचे तुकडे लाळेतील व स्वादुपिंडातील अमायलेज करते. शेवटचे काम लहान आतड्याच्या अस्तरावरील माल्टेज, सुक्रेज ही एन्झाइम्स करतात. त्यांनी ग्लुकोज सुटे केले की ते रक्तात जाते. तुतीच्या पानांत डीऑक्सीनोजिरिमायसिन नावाचे द्रव्य असते. त्याची घडण ग्लुकोजसारखी. एसटीत रुमाल टाकून जागा अडवावी तसे ते एन्झाइमवर बसते आणि अन्न ताटकळते. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात आंबते, म्हणून पोट फुगते. (आईची ती तक्रार आम्ही पिझ्झ्यावर ढकलली होती.)

व्होग्लिबोजही नेमके हेच करते. चिनी वैद्यकात ही पाने सर्दी-खोकल्यासाठी आणि डोळ्यांसाठी वापरतात, पण याच द्रव्यापासून बनवलेल्या मिग्लिटॉलला अमेरिकेत १९९६ साली मधुमेहासाठी मान्यता मिळाली. तुतीच्या फांद्यांतील अल्कलॉइडांच्या गोळ्यांना चीनमध्ये २०२० साली. म्हणजे आईला एकाच कामाची दोन औषधे चालली होती, आणि चहात किती उतरते याला माप नाही.

साखर खाली नेणारे मुख्य औषध ग्लिमेपिराइड. मग साखरपाणी का चालले नाही? घरातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ती सोडवणारे सुक्रेजच अडलेले! नुसत्या ग्लुकोजला पचनाची गरज नसते.

आपल्या घरी कुणी अकार्बोज, मिग्लिटॉल वा व्होग्लिबोज घेत असेल तर ग्लुकोजच्या गोळ्या हाताशी ठेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता ९११ फिरवा. व्होग्लिबोज अमेरिकेत विकले जात नाही, म्हणून नाव कागदावर लिहून पाकिटात असू द्या. आणि डॉक्टरांना गोळ्यांबरोबर चहा-काढेही सांगा. आमच्या डॉक्टरांनी तो चहा त्याच दिवशी बंद करायला लावला.