गुण नेमका कशाचा?

आपल्याकडे औषध ‘लागू पडतं’, ‘मानवतं’ आणि मग त्याचा ‘गुण येतो’. एकदा गुण आला की पुढची चौकशी कुणी करत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसच्या बाबतीत मात्र ही चौकशी टाळून चालत नाही, कारण हा आजारच चकवणारा आहे. सकाळी उठावं तर एका डोळ्याला धूसर दिसतं. कमरेखाली मुंग्या येतात. चालताना चप्पल पायातून कधी निसटली ते कळतच नाही, मागून कुणीतरी हाक मारून सांगतं. शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते आणि मेंदू व मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायेलिनचं आवरण कुरतडू लागते. पॅरिसमध्ये शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. तो पुरता बरा करणारं औषध आजही नाही. अटॅक कमी करणारी औषधं १९९३ पासून येत गेली.

सुमारे ८५ टक्के रुग्णांत सुरुवातीला एमएस अटॅकच्या रूपानं येतो. काही दिवस चढतो, काही आठवडे रेंगाळतो आणि पुष्कळदा आपसूक ओसरतो. पुढचा अटॅक काही महिन्यांनी येईल, नाहीतर काही वर्षांनी.

आता हिशेब मांडून बघा. अटॅक आला, तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं, घरी सोडलं. पाय अजून जडच. मग मावशीच्या ओळखीतून वैद्य, पुड्या, पथ्य. वांगं बंद, आंबट बंद. तिसऱ्या आठवड्यात पाय हलका झाला आणि घरात एकमत झालं, पुड्यांचा गुण आला. खरं तर त्या आठवड्यात कपाळाला नुसता अंगारा लावला असता तरी गुण आलाच असता. माणूस दुसरा उपाय शोधायला निघतो तो सगळ्यात वाईट दिवसांत, आणि एमएसमध्ये सगळ्यात वाईट दिवसांनंतर बहुधा जरा बरे दिवस येतात.

यात फक्त पुड्यावाले फसतात असं नाही. इटलीतल्या फेरारा इथले सर्जन पाओलो झाम्बोनी यांच्या पत्नीला एमएस होता. मानेतल्या शिरा अरुंद असल्यामुळे रक्त तुंबतं आणि त्यातून हा आजार होतो, असं त्यांनी २००९ मध्ये मांडलं. उपाय म्हणून फुगा घालून शिरा रुंद करायच्या. ‘लिबरेशन’ या नावानं हा उपचार जगभर गाजला. कॅनडात तो मिळेना, तेव्हा तिथले रुग्ण पोलंड, मेक्सिको आणि भारतातसुद्धा स्वखर्चानं आले. परत जाताना पाय गरम झाले, डोकं हलकं झालं असं सांगत गेले, आणि ते खोटं बोलत नव्हते. पुढे झाम्बोनींनीच नीट चाचणी घेतली. काहींच्या शिरा खरोखर फुगवल्या, काहींवर नुसता तसा देखावा केला. २०१७ मध्ये निकाल आला: उपचाराचा फायदा दिसला नाही. आपल्याच सिद्धान्ताला आपणच खांदा देणारे संशोधक थोडे असतात; झाम्बोनींना तेवढं श्रेय द्यायला हवं.

मग जोडीचे उपाय सगळेच फोल? तसंही नाही, आणि त्यातला सगळ्यात बरा दाखला आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये बॅरी ओकेन आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या ६९ रुग्णांचे तीन गट केले. एकाला अय्यंगार पद्धतीचा योग, दुसऱ्याला जागेवरची सायकल, तिसऱ्याला नुसतं थांबायला सांगितलं. सहा महिन्यांनी योगाच्या गटातला थकवा कमी झाला होता. हा थकवा म्हणजे दिवसभर राबून येणारा नव्हे. आंघोळ करून केस पुसेपर्यंत माणूस संपून जातो, तसला. आता मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या संस्थेत दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या हा जो संसार दिसतो, त्याचं मोल तोल जाणाऱ्या माणसाला विचारा. भिंतीला टेकून, खुर्चीला धरूनही आसन होतं. २००४ मध्ये छापलेल्या या अभ्यासाचा अर्धा भाग मात्र आपले योगप्रेमी वाचत नाहीत: सायकलवाल्यांचा थकवाही तितपतच कमी झाला, आणि स्मरणशक्ती, एकाग्रता यांत कुणालाच फरक पडला नाही.

पंचकर्माचं जरा जपून. तेलानं मालीश करून ताठरलेल्या पायांना आराम वाटतो, त्याला कुणाची हरकत नसावी. अडचण पुढच्या वाफेच्या पेटीत आहे. आवरण झिजलेल्या तंतूंतून जाणारा संदेश शरीर थोडं तापलं तरी अडखळतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ उहथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं. एकेकाळी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत असत. स्वेदनानंतर पाय लुळे पडले, डोळ्यांपुढे धुकं आलं, तर ते अंग थंड झाल्यावर निवळतं, पण पेटीतून उठताना पडलं तर हाड मोडतं. बधिर पायांना गरम पाण्याच्या पिशवीनं फोड येतात आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतात.

माझं खरं भांडण आहे ते ‘इम्युनिटी’ या शब्दाशी. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी ज्या आजारात प्रतिकारयंत्रणाच घर पेटवतेय, तिथे तिला आणखी जोर देऊन काय साधायचं? शिवाय एमएसच्या काही औषधांवर असताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. आकडे वाढले तर दोष इंजेक्शनचा की काढ्याचा, हे डॉक्टरांनी कसं ओळखायचं?

या गोष्टीला एक गमतीदार पोटकथानक आहे. कीटकांवर वाढणाऱ्या काही बुरशींना चिनी वैद्यकात चिरतारुण्य देणाऱ्या मानत. त्यांतल्या एकीतून जपानी संशोधकांनी एक रसायन काढलं, तर ते प्रतिकारशक्ती दाबणारं निघालं. त्याला तासून फिंगोलिमॉड तयार झालं आणि २०१० मध्ये अमेरिकेत अटॅक कमी करणारी एमएसची पहिली गोळी म्हणून मंजूर झालं. शक्तिवर्धक म्हणून मिरवणारी बुरशी नेमकी उलट्या कारणानं कामाला आली.

ओपीडीत डॉक्टर विचारतात, “बाकी काही घेता का?” उत्तर ठरलेलं: “नाही.” रागावतील ही भीती असते, आणि काढा हे काही औषध नव्हे, अशी समजूतही. प्रश्न जरा बदलून, “घरचं, वैद्यांचं, मावशीनं दिलेलं काय काय चालू आहे?” असा विचारला की सोबत आलेली आई पिशवीची चेन उघडते. आतून गुळवेलीची बाटली निघते, अश्वगंधाचा डबा निघतो, थायरॉइडचा रिपोर्ट चुकवू शकणाऱ्या बायोटिनच्या केसांसाठीच्या गोळ्या निघतात, आणि तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, कसलंही नाव नसलेल्या पुड्या.