नायट्रोजनच्या स्फटिकाचा माग

हवेत ७८ टक्के असलेला नायट्रोजन आपण सुस्त वायू म्हणूनच ओळखतो. त्याच्या रेणूतला तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याऐवजी तीन एकेरी बंध असते तर बेरीज ४८०च्या घरातच राहिली असती. म्हणजे एकेरी बंधांचा नायट्रोजन घडवता आला, तर तो पुन्हा वायू होताना ही सगळी तफावत बाहेर टाकील, आणि मागे ना धूर उरेल ना काजळी. उच्च-ऊर्जा पदार्थांच्या अभ्यासकांना या शक्यतेने चार दशके झपाटले आहे.

१९८५ मध्ये मॅकमहन आणि लेसार यांनी गणिताने दाखवले, की प्रचंड दाबाखाली हे रेणू मोडतील. १९९२ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत मॅकमहन यांच्यासह तिघांनी नेमकी रचनाच सांगितली: प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांशी जोडलेला घनाकृती स्फटिक, ‘क्युबिक गॉश’. तो ५० गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या सुमारे पाच लाख पट दाबाला, स्थिर व्हायला हवा होता.

पण दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नायट्रोजन दाबला, तरी स्फटिक येईना. २००१ मध्ये एरेमेत्स, हेम्ली, माओ आणि ग्रेगोर्यान्झ यांनी दाब २४० गिगापास्कलपर्यंत नेला. रेणू मोडले, नमुना काळा पडला, अर्धवाहक झाला, स्फटिक नाहीच. अनेकांनी इथेच भाकीत मोडीत काढले असते. गणित मात्र चुकलेले नव्हते. कोणती मांडणी सर्वांत कमी ऊर्जेची, एवढेच ते सांगत होते. तिथवर पोहोचताना अणूंना केवढा अडथळा ओलांडावा लागेल, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेत एरेमेत्स यांच्या गटाने लेझरने नमुना २००० केल्विनच्या वर तापवला, ११० गिगापास्कलपलीकडे, आणि २००४ मध्ये क्ष-किरणांत तीच रचना उमटली. बारा वर्षांनी! या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच टप्पा.

पुढे रचना हाताने सुचवण्याचे दिवस सरले. २००६ मध्ये ओगानोव्ह यांची उत्क्रांतीच्या धर्तीवरची पद्धत आली. पिकार्ड आणि नीड्स यांनी यादृच्छिक रचनांतून शोध घेतला. चीनमधून ‘कॅलिप्सो’ हे रचना शोधणारे सॉफ्टवेअर आले. भाकितांचा पूर आला. त्यातले सिझियमचे पाच नायट्रोजनी वलयांचे क्षार २०१७ मध्ये हाती आलेही. निसर्गाने गणिताचा क्रम मात्र नेहमीच पाळला नाही. काळ्या फॉस्फरससारखी मांडणी क्युबिक गॉशपेक्षा मागे ठरली होती. २०२० मध्ये १४० गिगापास्कलच्या आसपास तीही सापडली.

खरी अडचण दाब उतरवल्यावरची. सामान्य तापमानाला क्युबिक गॉश वातावरणीय दाबापर्यंत तगत नाही. वाटेतच त्याचे पुन्हा रेणू होतात. म्हणूनच २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी पोटॅशियम अझाइडवर प्लाझ्माचा प्रयोग करून, उच्च दाबाशिवायच, तो मिळवल्याचे कळले तेव्हा या क्षेत्रात आनंद झाला. ७६० केल्विनपर्यंत तो टिकतो, असे त्यांनी नोंदवले आहे. किलोच्या मापात मात्र तो अजून कोणाच्या हाती आलेला नाही.