दुःखाचं काम काय?

मूल रडू लागलं की आपण आधी म्हणतो, 'रडू नकोस.' ही सवय योग्य आहे का, असा विचार मी एका कार्टूनपटामुळे करू लागलो. पीट डॉक्टर दिग्दर्शित 'इनसाइड आउट' हा पिक्सारचा चित्रपट २०१५ साली आला.

अकरा वर्षांची रायली आईवडिलांबरोबर मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते. तिच्या मनात आनंद, दुःख, भीती, राग आणि किळस अशी पाच पात्रं वावरतात. आनंदाची सारी धडपड दुःखाला दूर ठेवण्याची. तो जमिनीवर खडूने वर्तुळ आखून दुःखाला त्यात उभं करतो!

पुढे रायलीच्या बालपणीचा काल्पनिक सवंगडी बिंग बाँग आपली लाडकी गाडी गमावतो. आनंद त्याला गुदगुल्या करतो, वेडीवाकडी तोंडं करतो. उपयोग शून्य. दुःख मात्र शेजारी बसून त्याचं ऐकून घेतं. तो रडतो, मोकळा होतो आणि उठून चालू लागतो.

शेवटी रायली आईवडिलांसमोर रडते, तेव्हा कुठे तिला जुन्या घराची किती ओढ आहे ते त्यांना कळतं. म्हणजे दुःखाचं काम जवळच्यांना हाक मारण्याचं. त्या क्षणाची आठवण सोनेरी आणि निळी, दोन्ही रंगांची होते. मोठं होणं ते हेच.

२०२४च्या दुसऱ्या भागात तेरा वर्षांच्या रायलीच्या मनाचा ताबा चिंता घेते. तिलाही शेवटी हाकलून देत नाहीत, बसायला खुर्ची देतात.

तेव्हा मूल रडलं, तर खाऊ पुढे करण्याआधी क्षणभर त्याच्याशेजारी बसा. ते काय सांगतंय, ते ऐका.